विश्लेषण : उंदरांच्या हाडांवरून लाख वर्षांपूर्वीचे रान कसे कळते?

आंध्र प्रदेशातील बेटमचेर्ला फरशीच्या दगडासाठी ओळखले जाते. तिथून जवळच बिल्लासुर्गमच्या चुनखडीच्या गुहा आहेत. १८८० च्या दशकात भूवैज्ञानिक रॉबर्ट ब्रूस फूट आणि त्यांचे पुत्र हेन्री यांनी तिथून प्राण्यांची हाडे ढिगाने बाहेर काढली. याच गुहांतील थरांचे वय नव्याने मोजून २०१४ मध्ये एक निबंध प्रसिद्ध झाला. त्यानुसार ओळख पटलेल्या २१ सस्तन प्राण्यांपैकी २० किमान एक लाख वर्षांपासून आजपर्यंत टिकून आहेत. काहींचे प्रदेश मात्र बदलले.

हाडे गुहेतच का टिकतात?

उघड्यावरचे हाड ऊन, पाऊस आणि तरस मिळून संपवतात. चुनखडीच्या गुहेत तापमान फारसे बदलत नाही आणि झिरपणाऱ्या पाण्यात चुना असल्याने माती आम्ल होत नाही. आपली अजिंठा-वेरूळची लेणी माणसाने काळ्या कातळात कोरलेली. तिथे असा ठेवा शोधण्यात अर्थ नाही.

उंदीर का महत्त्वाचा?

घुबड उंदीर, चिचुंद्री गिळते आणि न पचलेली हाडे व केस गोळा करून ओकते. कपारीखाली या गोळ्यांचा खच साठतो. वाघ कुठेही फिरतो; उंदरांच्या अनेक जाती मात्र आपापल्या जागेला चिकटून असतात, कुणी गवताळ माळाला, कुणी दाट झाडीला. त्यामुळे जात ओळखली की भोवतालचे रान कळते. परागकण आणि कोळसा झाडांची साक्ष देतात, तर दातांच्या एनॅमलमधील कार्बनवरून प्राणी गवत खात होता की झाडपाला, हे समजते. अर्थात गुहा म्हणजे जंगलाची जनगणना नव्हे. साळिंदर हाडे बाहेरून ओढून आणते आणि घुबडालाही आवडनिवड असते.

धोका कुठे आहे?

हाड कोणत्या थरात होते, हे कळले नाही तर ते मुके होते. सिमेंट आणि फरशीसाठी चुनखडी निघते, गुप्तधनाच्या आशेने कुणी कुदळ मारतो आणि हजारो वर्षांचे थर तासाभरात एकमेकांत मिसळतात. केंद्रीय खाण मंत्रालयाने २०२२ मध्ये भूवारसा स्थळांच्या जतनासाठी विधेयकाचा मसुदा जाहीर केला होता. अशा कायद्यात केवळ देखण्या खडकांना नव्हे, गुहेतल्या मातीलाही संरक्षण हवे. चुनखडीचा खाणपट्टा देण्यापूर्वी तिथल्या गुहांची पाहणी सक्तीची करायला तर त्या कायद्याची वाट पाहण्याचीही गरज नाही.