वैमानिक निवड चाचणीला दुसरी संधी द्या: उमेदवार आणि पालकांचे मागणीपत्र

प्रति,
मा. संरक्षण मंत्री, भारत सरकार, नवी दिल्ली
मा. हवाई दलप्रमुख, नवी दिल्ली
प्रत: मा. मुख्यमंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय,

आम्ही नाशिक, अहिल्यानगर, सातारा आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांतले उमेदवार आणि पालक. आमची मुले-मुली एनडीएची (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) आणि एएफकॅटची (हवाई दलाची सामायिक प्रवेश परीक्षा) परीक्षा देतात. बहुतेकांच्या घरात याआधी कोणी अधिकारी झालेले नाही. काहींनी विमान जवळून पहिल्यांदा पाहिले, तेच हवाई दलाच्या निवड मंडळाकडे जाताना. या मुलांच्या वतीने आम्ही एका नियमाबद्दल लिहीत आहोत: संगणकीकृत वैमानिक निवड प्रणाली, म्हणजे सीपीएसएस, ही चाचणी आयुष्यात एकदाच देता येते. त्यात नापास झालेल्याला उड्डाण शाखेचे दार कायमचे बंद होते.

लेखी परीक्षा वयात बसेपर्यंत पुन्हा पुन्हा देता येते. एसएसबीचेही, म्हणजे सेवा निवड मंडळाच्या मुलाखतीचेही, तसेच. पहिल्याच दिवशी ‘स्क्रीन आउट’ होऊन दुपारच्या गाडीने परतलेला मुलगा पुढच्या खेपेला नवा चेस्ट नंबर लावून पुन्हा उभा राहतो, आणि ‘रिपीटर’ म्हणून कोणी त्याला हाकलत नाही. एसएसबीत पाहिले जाते ते माणसाचे मूळ: जबाबदारी घेण्याची वृत्ती, धीर, इतरांना बरोबर नेण्याची ताकद. हे गुण बदलायला वर्षे लागतात, तरी तिथे दुसरी, तिसरी, पाचवी संधी आहे. सीपीएसएसमध्ये पाहिला जातो तो हात, पाय आणि डोळ्यांचा मेळ, उपकरणे वाचण्याचा वेग, एकाच वेळी दोन-तीन गोष्टींवर लक्ष ठेवण्याची क्षमता. यांतल्या बऱ्याच गोष्टी सरावाने सुधारतात, आणि नेमकी तिथेच संधी एक. आम्हाला याची संगती लावता आलेली नाही.

या नियमामागचा विचार आम्ही समजून घेतला आहे. चाचणी वारंवार दिली की हात सवयीने चालतो आणि मूळ क्षमता झाकली जाते. अशा उमेदवाराला अकादमीत घेतले आणि प्रशिक्षणात तो कमी पडला, तर विमान जाते, प्रसंगी जीवही जातो. शिक्षकाच्या आसनावर बसलेल्याचाही. ही भीती खरी आहे, म्हणून उत्तीर्ण होण्याची पातळी एका गुणानेही खाली आणा असे आम्ही म्हणणार नाही. कोणी म्हटले तर आम्हीच विरोध करू.

पण ‘एकदाच’ या नियमाने सराव थांबलेला नाही. जॉयस्टिक आणि पेडल जोडलेली यंत्रे खासगी अकादम्यांत आज पैसे मोजून मिळतात. संधी एकच असल्यामुळे ज्याला परवडते तो पहिल्या प्रयत्नाआधीच हात बसवून जातो. ज्याला परवडत नाही तो निवड मंडळाच्या खोलीत आयुष्यात पहिल्यांदा रडरच्या पेडलवर पाय ठेवतो. दोघांचे गुण एकाच पट्टीने मोजले जातात आणि त्याला जन्मजात क्षमता म्हटले जाते.

हा फरक नेमका कुठे पडतो, ते सांगतो. आमची मुले सायकलवर वाढलेली. सायकलच्या हँडलची उजवी बाजू पुढे ढकलली की चाक डावीकडे वळते. विमानात उजवा पाय पुढे दाबला की नाक उजवीकडे जाते. दहा-बारा वर्षांची सवय काही मिनिटांत उलटी करावी लागते. कृत्रिम क्षितिजाचेही तसेच: विमान उजवीकडे कलले की उपकरणातली क्षितिजाची रेषा डावीकडे कललेली दिसते. ज्याने हे आधी पाहिलेले नाही तो हमखास उलटे उत्तर देतो. उंचीमापकावर लांब काटा शेकडे दाखवतो आणि आखूड काटा हजार, घड्याळ वाचणाऱ्या डोळ्याला यात क्षणभर थांबावे लागते, आणि चाचणीत तो क्षण मोजला जातो. यात न जमण्यासारखे काही नाही. आठ दिवसांच्या ओळखीने हे सगळे अंगवळणी पडते. त्यानंतर जो फरक उरतो तो खरा क्षमतेचा, आणि हवाई दलाला तोच मोजायचा आहे.

सीपीएसएसच्या आधीची चाचणी पीएबीटी. त्यात उपकरणवाचन होते, दांडा आणि पेडलने प्रकाशाचा ठिपका आवरायचा असे, गतिनियंत्रणाचा भाग होता. पुढे डीआरडीओच्या संरक्षण मानसशास्त्रीय संशोधन संस्थेने आणि बेंगळुरूच्या वैमानिकी विकास आस्थापनेने सीपीएसएस तयार केली. यंत्र बदलले, मोजमाप सूक्ष्म झाले. एकाच संधीचा नियम मात्र जसाच्या तसा पुढे आला.

अमेरिकेच्या नौदलात, मरीन कोअरमध्ये आणि तटरक्षक दलात वैमानिक होऊ पाहणाऱ्यांना एएसटीबी ही चाचणी आयुष्यात तीनदा देता येते. पहिल्या आणि दुसऱ्या प्रयत्नात किमान 30 दिवसांचे, दुसऱ्या आणि तिसऱ्यात 90 दिवसांचे अंतर लागते. तिथल्या लष्कराच्या हेलिकॉप्टर वैमानिकांची सिफ्ट चाचणी दोनदा देता येते. विमानवाहू नौकेवर रात्री विमान उतरवणारे लोक निवडणारी ही व्यवस्था आहे; क्षमतेबाबत ती ढिली आहे असे कोणी म्हणणार नाही. संख्येला मर्यादा आणि मध्ये सक्तीचा काळ, या दोन गोष्टींनी सरावाचा प्रश्न तिथे हाताळला जातो.

आपल्याकडची गरजही पाहावी. डिसेंबर 2024 मध्ये संसदेत मांडलेल्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या अहवालानुसार हवाई दलातील वैमानिकांची कमतरता फेब्रुवारी 2015 मध्ये 486 होती, ती 2021 च्या अखेरीस 596 वर गेली. या आकड्यामागे प्रशिक्षण विमानांपासून अनेक कारणे आहेत, सीपीएसएसचा नियम बदलणे हे त्याचे उत्तर नव्हे. पण निवड मंडळाने पाच दिवस पारखून अधिकारी म्हणून योग्य ठरवलेला तरुण एका दुपारच्या चाचणीवर उड्डाणाला कायमचा मुकत असेल, तर त्याला वर्षाने पुन्हा पाहण्यात हवाई दलाचाच फायदा आहे.

म्हणून आमची मुख्य मागणी अशी: सीपीएसएसमध्ये अनुत्तीर्ण झालेल्या उमेदवाराला किमान 12 महिन्यांनी, वयोमर्यादेत राहून, एक आणि एकच जादा संधी द्यावी. दुसऱ्या वेळी तो हवाई दलाच्या निवड मंडळातून (एएफएसबी) नव्याने रेकमेंड झालेला असावा. दोन्ही वेळचे गुण मंडळासमोर राहावेत, दुसऱ्याने पहिला पुसला जाऊ नये. प्रत्यक्ष उड्डाण प्रशिक्षणातून काढून टाकलेल्या कॅडेटसाठी ही सवलत आम्ही मागत नाही, त्यांची पारख आकाशात झालेली आहे. नियम बदलण्याआधी अनुत्तीर्ण झालेले आणि आजही वयात बसणारे उमेदवार यात धरावेत.

दुसरी मागणी खर्चाने सगळ्यांत हलकी आहे आणि आमच्या मते तिचा परिणाम सगळ्यांत मोठा होईल. हवाई दलाने चाचणीची अधिकृत ओळखपुस्तिका आणि सराव-सॉफ्टवेअर मोफत द्यावे, मराठीसह सर्व भारतीय भाषांत. प्रश्न फोडू नयेत. उपकरणे कशी वाचायची, दांडा आणि पेडल कसे चालतात एवढेच द्यावे. महाराष्ट्र शासनाला आमची विनंती आहे की 1977 पासून मुलांना एनडीएसाठी घडवणाऱ्या छत्रपती संभाजीनगरच्या सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्थेत आणि नाशिकच्या मुलींच्या संस्थेत जॉयस्टिक-पेडलचे संच बसवावेत. साताऱ्याच्या सैनिक शाळेत, 1961 साली सुरू झालेल्या देशातल्या या पहिल्या सैनिक शाळेतही, तेच व्हावे, आणि सुटीच्या दिवशी हे संच बाहेरच्या मुलांना वापरू द्यावेत. खासगी अकादमीच्या एका महिन्याच्या फीमध्ये असा एक साधा संच येतो. मुलींचा उल्लेख आम्ही मुद्दाम करतो. 2022 पासून त्या एनडीएत आहेत, पण गावात व्हिडिओ गेमचे कंट्रोलर हाती पडतात ते आधी भावाच्या.

आज उमेदवाराला कळते ते फक्त पास किंवा फेल. उपकरणवाचनात चुकला की हातापायांच्या मेळात, हे त्याला समजत नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी हवाई दलासाठी जॉन फ्लॅनगन यांच्या गटाने निवडचाचण्या उभ्या केल्या, तेव्हा 1 ते 9 अशी श्रेणी वापरली आणि वैमानिक, नॅव्हिगेटर, बॉम्बार्डियर यांच्यासाठी वेगवेगळी श्रेणी काढली. त्याच धर्तीवर सीपीएसएसचेही विभागवार गुण उमेदवाराला लेखी द्यावेत. चाचणीच्या वेळी यंत्रात बिघाड झाला किंवा उमेदवाराला ताप असल्याचे वैद्यकीय अधिकाऱ्याने नोंदवले, तर तो प्रयत्न धरला जाऊ नये.

तीन वर्षे हे प्रायोगिक ठेवावे. दुसऱ्या संधीतून आलेले कॅडेट हैदराबादजवळच्या दुंडिगलच्या हवाई दल अकादमीत कसे उडतात, किती टिकतात, हे मोजावे आणि निष्कर्ष संसदेपुढे ठेवावा. ते कमी पडले असे दिसले तर नियम पूर्ववत करावा. तो निकाल आम्ही मानू.

आमच्यातल्या एका शेतकरी सदस्याचा मुलगा 17 व्या वर्षी एनडीएसाठी रेकमेंड झाला होता आणि त्याच दिवशी सीपीएसएसमध्ये अनुत्तीर्ण झाला. त्याला आधी कोणी पेडल दाखवले नव्हते. पुढे त्याने भौतिकशास्त्रात पदवी घेतली. ग्राउंड ड्यूटीचे दार उघडे आहे हे त्याला माहीत आहे आणि तो अर्जही करतो. पण प्रत्येक अर्जात उड्डाण शाखेचा रकाना त्याला रिकामा सोडावा लागतो. पुढच्या जुलैत तो उड्डाण शाखेच्या 24 वर्षांच्या वयोमर्यादेबाहेर जाईल. आपले उत्तर त्याआधी मिळावे, ही विनंती.

आपले विश्वासू,
उमेदवार आणि पालक यांच्या वतीने, संघटनेचे पदाधिकारी