मापात पाप नको!

गेल्या वर्षीची गोष्ट. शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची रात्र होती. साडेनऊला मी उत्पन्नाचा दाखला आणि गुणपत्रिका अर्जाला जोडायला बसलो. पडद्यावरची चकती गरगर फिरत राहिली. दहा वाजले, अकरा वाजले आणि बाराच्या ठोक्याला ‘मुदत संपली’ अशी पाटी झळकली. शेजारी बसलेले वडील एवढेच म्हणाले, “महिन्याच्या महिन्याला पैसे मोजतो आपण. मग माल कुठाय?”

मित्रहो, हा प्रश्न अडाणी माणसाचा नव्हता. वडील दरवर्षी भालकीच्या अडतीवर तूर नेतात. तिथे काट्यावरची त्यांची नजर हलत नाही. ओलाव्यापोटी किलोभर जरी कापले तरी ते कारण विचारतात. आम्ही शिकली-सवरलेली मुले मात्र इंटरनेटचे बिल मुकाट्याने भरतो आणि ‘नेट स्लो आहे’ एवढे म्हणून गप्प बसतो. ज्या मालाचे माप आपण घेत नाही, त्याबद्दल तक्रार करण्याचा अधिकार आपल्याला कितपत आहे, असा प्रश्न त्या रात्री मला पडला.

प्रथम मापाचे एकक समजून घेऊ. कंपनी वेग सांगते तो मेगाबिटमध्ये आणि आपली फाइल असते मेगाबाइटमध्ये. आठ बिट म्हणजे एक बाइट. म्हणून ५० मेगाबिटच्या जोडणीवर १०० मेगाबाइटची फाइल दोन सेकंदांत नव्हे, तर सोळा सेकंदांत उतरते. ही काही लबाडी नव्हे, आपले अज्ञान आहे. मात्र जाहिरातीतल्या ‘५० पर्यंत’ या शब्दातला ‘पर्यंत’ नीट वाचावा. ब्रॉडबँड कशाला म्हणावे याची सरकारी व्याख्याही बदलत आली आहे. २००४ च्या धोरणात किमान वेग २५६ किलोबिट होता, २०१३ मध्ये तो ५१२ झाला आणि जानेवारी २०२३ मध्ये २ मेगाबिट ठरला.

दुसरी गोष्ट, वेग एकच नसतो. उतरवण्याचा वेग वेगळा, चढवण्याचा वेगळा. सिनेमा पाहणाऱ्याला पहिला पुरे. अर्ज भरणाऱ्या विद्यार्थ्याचे भवितव्य दुसऱ्यावर टांगलेले असते. तिसरे माप विलंबाचे, म्हणजे इथून निघालेला निरोप पोचून उत्तर परत यायला किती मिलिसेकंद लागतात त्याचे. ते मोजणारा ‘पिंग’ हा छोटा प्रोग्राम माईक मूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये लिहिला. तो आजही बहुतेक संगणकांवर चालतो. विलंब वाढला किंवा मधले तुकडे गळाले, की वेगाचा आकडा मोठा असूनही ऑनलाइन वर्गातला सरांचा आवाज तुटू लागतो.

आता मोजायचे कसे? आमच्या बिदर शहराजवळ नौबादला बहामनी काळातली ‘सुरंग बावी’ आहे. जमिनीखालून पाणी वाहते आणि वर ठराविक अंतरावर विहिरीसारखी तोंडे ठेवलेली आहेत. पाणी कमी आले तर एकेका तोंडातून खाली पाहत जायचे, म्हणजे अडथळा कुठे आहे ते कळते. हीच पद्धत मी घरी वापरली. आधी संगणक तारेने थेट राउटरला जोडला आणि घरातले सगळे मोबाइल बंद केले. सकाळी सहाला ४६ मेगाबिट वेग मिळाला. नंतर माझ्या खोलीत बसून वाय-फायवर मोजले, तर जेमतेम ९! म्हणजे पहिला चोर घरातच होता. आमचे घर जुन्या माळवदाचे, भिंती दोन-दोन हात रुंद, आणि राउटर लोखंडी कपाटामागे ठेवलेला. तो उचलून पडवीत मांडला, तसे खोलीत ३० आले.

मग रात्री नऊला पुन्हा तारेने मोजले. उतरवण्याचा वेग ५, चढवण्याचा १ सुद्धा नाही आणि विलंब २०० च्या वर. हा दोष मात्र घरातला नव्हता. एका मोजणीवर विसंबू नये म्हणून पंधरा दिवस सकाळ, दुपार, रात्र अशी वही भरली. दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे ‘मायस्पीड’ आणि आणखी एक साधन, अशी दोन्ही वापरली; कारण काही चाचण्या कंपनीच्याच जाळ्यातल्या जवळच्या सर्व्हरपर्यंतचा वेग दाखवतात आणि विद्यापीठाचे संकेतस्थळ त्याच्या पलीकडे असते. एक सावधगिरी सांगतो: ५० मेगाबिटवर दहा सेकंदांची चाचणीसुद्धा साठ मेगाबाइटहून अधिक डेटा खाते. मोबाइलच्या पॅकवर ती उगाच करीत बसू नये.

तक्रार लिहायची वेळ आली तेव्हा माझे कन्नड तोकडे पडले. ते पत्र या अंकाच्या कन्नड विभागात लिहिणाऱ्या माझ्या वर्गमित्राने लिहून दिले. त्याच्या घरीही हेच दुखणे होते, म्हणून त्याने आपलीही वही जोडली. कंपनीच्या माणसाने आधी ‘राउटर बंद करून चालू करा’ हेच पालुपद लावले. वही पुढे ठेवल्यावर त्याने तक्रार क्रमांक दिला. या क्रमांकाचे मोल विसरू नका, कारण निवारण झाले नाही तर कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाताना तोच लागतो. आठवड्याने लाइनमन आला, खांबावरचा जोड बदलला. आता रात्री २० च्या आसपास वेग मिळतो. पूर्ण ५० अजून मिळत नाही. माझी वही चालू आहे.

माझी शिष्यवृत्ती मात्र परत आली नाही.

म्हणून माझे प्राध्यापकांना आणि विद्यार्थीमित्रांना नम्र सांगणे आहे, की औराद, भालकी, बसवकल्याण, आळंद इथून येणाऱ्या प्रत्येकाने महिन्यातून एक आठवडा आपल्या घरचा वेग मोजावा आणि भौतिकशास्त्र विभागाने त्या वह्या एकत्र कराव्यात. एकट्याची तक्रार कुरकुर ठरते. शंभर गावांच्या नोंदी पुरावा ठरतात. आमच्या भागाला मागास म्हणण्याची अनेकांना सवय आहे. घटनेत ३७१ (जे) कलम आले, २०१९ मध्ये ‘कल्याण कर्नाटक’ हे नावही मिळाले. पण कल्याण नावाने येत नसते. ते मोजून मागावे लागते, आणि मागण्याआधी आपल्या घरातले कपाट बाजूला सारावे लागते.