रक्ताचं गुपित

पुस्तकावर किंवा सिनेमावर बंदी आली की आपण बंदीच्या विरोधात उभे राहतो. राहिलंच पाहिजे. पण बंदी आलेला प्रत्येक माल बंडखोर असतो, असं मी मानत नाही.

डॅन ब्राऊनची 'द दा विंची कोड' ही रहस्यकादंबरी २००३ साली आली. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात मुडदा पडतो, आणि शोध घेता घेता निघतं येशूचं लग्न! मेरी मॅग्डालीन त्याची बायको, त्यांना मुलगी, तिचा वंश फ्रान्सच्या राजघराण्यात, आणि चर्चने म्हणे हे सगळं दडपलं. २००५ साली जिनोआचे कार्डिनल बेर्तोने यांनी पुस्तक घेऊ नका, वाचू नका, असा फतवाच काढला. २००६ साली सिनेमा आला तेव्हा गोवा, पंजाब, नागालँड, तामिळनाडूच्या सरकारांनी बंदी घातली. तामिळनाडूची बंदी मद्रास हायकोर्टाने उठवली. बरं झालं.

आता कादंबरीकडे बघू. सुरुवातीच्याच पानावर ती 'प्रायरी ऑफ सायन' ही गुप्त संघटना १०९९ सालची, खरी, असं छातीठोक सांगते. प्रत्यक्षात ती प्येर प्लांतार नावाच्या इसमाने १९५६ साली फ्रान्समध्ये नोंदवली. तिचा जुना इतिहास बनावट. एक पोथी खोटी पाडायला निघाले आणि दुसरी पोथी हातात दिली.

पण माझं खरं भांडण त्या गुपिताशी आहे. सुताराच्या घरचा, कोळ्यांत नि महारोग्यांत वावरलेला येशू. त्याचं मोठेपण शेवटी कशात सापडलं? राजरक्तात! आणि मॅग्डालीन? योहानाच्या शुभवर्तमानात उठलेला येशू पहिल्यांदा तिलाच दिसतो. ५९१ साली पोप ग्रेगरीने तिला पापी बाई ठरवलं. कादंबरीने तिला तिथून सोडवलं नि राजवंश वाहणारं गर्भाशय केलं. तिने जे पाहिलं, सांगितलं, त्याची पर्वा दोघांनाही नाही.

च्यायला, रक्त आणि वंश! ही भाषा आपल्याला कोणी शिकवायला नको. हिच्याच जोरावर आपल्या बापजाद्यांना गावाबाहेर ठेवलं.

श्रद्धा दुखावली म्हणून ओरडणाऱ्यांनाही माझा सवाल आहे. त्याच तामिळनाडूत, तिरुचिरापल्लीच्या कॅथलिक दफनभूमीत, दलित मढी वेगळी राहावीत म्हणून भिंत बांधली गेली. पडद्यावरच्या येशूला बायको दिली की धर्म बुडतो, आणि त्याच्याच लेकरांची मढी जातीने वाटली तर बुडत नाही?

कादंबरी वाचा, सिनेमा बघा, कोणी अडवलं तर भांडा. पण कुळाचा महिमा सांगणाऱ्या गुपितावर टाळ्या पिटू नका. आणि ती भिंत विसरू नका.