नाताळची खरेदी, मोबाइलमधील यादी आणि जानेवारीचा हप्ता

22 सप्टेंबर 2025 रोजी वस्तू व सेवा कराची नवी रचना अमलात आली आणि पाठोपाठ नवरात्र, दिवाळी व नाताळ असा सणांचा हंगाम सुरू झाला. केक, बिस्किटे व चॉकलेट यांवरील कर 18 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर, तूप, लोणी आणि बदाम-पिस्ते यांवरील 12 वरून 5 वर, तर मोठे दूरचित्रवाणी संच व वातानुकूलन यंत्रे यांवरील 28 वरून 18 टक्क्यांवर आला. कर घटला म्हणजे सण स्वस्त झाला, असा निष्कर्ष वर्तमानपत्रांतील पानभर जाहिरातींनी वाचकांच्या वतीने काढून टाकला. वास्तव मात्र इतके सरळ नाही. कर कमी झाल्याने जे शंभर-दोनशे रुपये वाचतात, ते खिशात राहत नाहीत. त्यांत आणखी एक वस्तू पिशवीत येऊन पडते. जानेवारी उजाडला की शाळेची फी, विम्याचा हप्ता आणि सणातील खरेदीचा हप्ता एकाच दारात उभे राहतात. हे चित्र वसईपासून मुंबईच्या उपनगरांपर्यंत सर्वत्र परिचयाचे आहे.

नव्या रचनेत एक बारकावा असा आहे, जो कपड्यांच्या खरेदीत प्रत्येक कुटुंबाने ध्यानी घ्यावा. प्रतिनग 2,500 रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यावर 5 टक्के कर आहे. त्यावर एक रुपया जरी किंमत गेली तरी 18 टक्के. म्हणजे 2,500 रुपयांचा सूट करासह 2,625 रुपयांना पडतो, तर 2,600 रुपयांचा 3,068 रुपयांना. मूळ किमतीत फरक शंभराचा, बिलात 443 रुपयांचा! पाच जणांच्या कुटुंबात ही गोष्ट दोघा-तिघांच्या बाबतीत घडली तर त्या रकमेत केकचा सुका मेवा येतो. कापड घेऊन शिवून घेणाऱ्यांना हा प्रश्न फारसा पडत नाही, कारण कापडावर 5 टक्केच कर आहे. आपल्या गावातील शिंप्याला ऑक्टोबरमध्येच माप देण्याची जुनी रीत या दृष्टीनेही शहाणपणाची होती, असे म्हणावे लागते.

खर्च हातातून निसटतो तो नेमका कोठे, हे पाहू जाता दोन कारणे दिसतात. पहिले कारण पैसा देण्याच्या पद्धतीत आहे. यूपीआय 2016 साली सुरू झाले आणि ऑगस्ट 2025 मध्ये एका महिन्यातील त्यावरील व्यवहारांनी 2,000 कोटींचा टप्पा ओलांडला. ही सोय मोठी आहे, तिला नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही. परंतु रोख रकमेचे पाकीट हलके होताना हाताला कळत असे. क्यूआर कोडसमोर मोबाइल धरताना ते कळत नाही. क्रॉफर्ड मार्केटमध्ये सजावटीच्या चांदण्या, केकचे साचे, रंगीत कागद असे ऐंशी, दीडशे, दोनशे करीत किती गेले, याचा पत्ता परतीच्या लोकलमध्येही लागत नाही.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. ऑनलाइन दुकाने ग्राहकाला विचार करण्यास उसंत मिळू नये, अशाच बेताने रचलेली असतात. ‘फक्त दोन नग शिल्लक’ अशी खोटी घाई, न मागितलेली वस्तू हळूच टोपलीत टाकणे, शेवटच्या पायरीवर नवे शुल्क दाखवणे, या क्लृप्त्यांना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 च्या मार्गदर्शक तत्त्वांद्वारे मनाई केली. अशा तेरा प्रकारांची यादीच तेथे दिली आहे. नियम कागदावर आला म्हणून क्लृप्ती थांबली, असे मात्र नव्हे. ‘बिनव्याजी हप्ता’ हाही असाच शब्दांचा खेळ होय. शून्य टक्के व्याज अशी वस्तूच अस्तित्वात नाही, हे रिझर्व्ह बँकेने 2013 सालीच बँकांना बजावले होते. व्याज असतेच, ते सवलतीच्या रूपाने वळते केलेले दिसते, अथवा रोखीने घेणाऱ्याला मिळणारी सूट हप्तेवाल्याला मिळत नाही. शिवाय प्रक्रिया शुल्क आणि क्रेडिट कार्डाच्या व्याजावरील 18 टक्के कर हे निराळे.

1918 साली वसईत कॅथॉलिक पतसंस्था उभी राहिली, तिचीच पुढे बँक झाली. सावकाराच्या पाशातून शेतकऱ्याला सोडवणे, हा त्यामागील उद्देश होता. तो सावकार निदान ओसरीवर बसलेला दिसत असे. आजचा सावकार मोबाइलच्या पडद्यावर ‘आता घ्या, नंतर द्या’ असे मधाळ शब्दांत सांगतो, आणि त्याच्या वहीतील आकडा आपल्याला महिनाअखेरीसच दिसतो. असो.

यावर उपाय त्याच मोबाइलमध्ये आहे, आणि तो फुकट आहे. बहुतेक सर्व फोनांत टिपा लिहिण्याची सोय असते. गुगल शीट्ससारखा तक्ता एकाच वेळी घरातील सर्वांना उघडता येतो. त्यात वस्तू, तिचे वजन वा नग, ती कोणासाठी, जास्तीत जास्त किती रुपये द्यावयाचे आणि प्रत्यक्षात किती दिले, एवढे रकाने पुरेत. चौथा रकाना बाजारात पाऊल टाकण्यापूर्वी भरावयाचा, यातच सारे इंगित आहे. किंमत दुकानदाराने सांगितल्यावर आपण ‘परवडते का’ असे विचारतो. ती आपण आधी लिहिलेली असली तर ‘ठरले होते का’ असे विचारतो. या दोन प्रश्नांची उत्तरे क्वचितच सारखी येतात. आखातात वा जहाजावर नोकरी करणारा मुलगाही हाच तक्ता उघडू शकतो, त्यामुळे त्याने तेथून आणलेले बदाम आणि आईने येथे घेतलेले बदाम, अशी दुबार खरेदी टळते. आमच्या भागात हे किती घरांत घडते, हे वाचकांना वेगळे सांगावयास नको.

करंज्या, कुलकुल, रोझ कुकीज यांचे साहित्य तर यादीशिवाय घेऊच नये. मैदा, रवा, साखर, नारळ यांचे प्रमाण घरातील ज्येष्ठ स्त्रियांना तोंडपाठ असते; ते एकदा तक्त्यात उतरवून घ्यावे. पैशांची बचत होतेच, शिवाय कृतीही जपली जाते. सुका मेवा रममध्ये काही आठवडे भिजवावा लागत असल्याने तो ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच घ्यावा लागतो. आठवण राहावी म्हणून फोनच्या दिनदर्शिकेत तारीख टाकून ठेवणे उत्तम. चार-पाच शेजारी कुटुंबांनी व्हॉट्सअ‍ॅपवर एकत्र मागणी जमवून घाऊक बाजारातून माल आणला, तर भावात घासाघीस करण्यास बळ येते. मात्र हिशेब एकाच व्यक्तीने ठेवावा आणि पैसे आगाऊ जमा करावेत, अन्यथा सणाच्या तोंडावर शेजाऱ्यांत रुसवेफुगवे ठरलेलेच!

किरकोळ खर्चासाठी यूपीआय लाइट हे साधन आम्हांस विशेष उपयुक्त वाटते. त्यात एका वेळी 5,000 रुपयांपर्यंत रक्कम ठेवता येते आणि एका व्यवहारात 1,000 रुपयांपर्यंत पिनशिवाय देता येते. सणाच्या सटरफटर खर्चासाठी ठरवलेली रक्कम त्यात टाकावी, ती संपली की हात आखडता घ्यावा. जुन्या काळी कपाटात ‘नाताळ’ असे लिहिलेले पाकीट असे, त्याचेच हे नवे रूप समजावे. शिल्लक संपताच आपोआप रक्कम भरण्याची सोय तेवढी बंद ठेवावी, नाहीतर पाकिटाला तळ राहत नाही.

ऑनलाइन खरेदीत पसंत पडलेली वस्तू टोपलीत टाकून निदान एक रात्र थांबावे. सकाळी तिची गरज वाटली तर ती यादीत लिहावी, मगच घ्यावी. संदेशातून आलेल्या सवलतीच्या दुव्यांना हात लावू नये. पैसे मिळवण्यासाठी कधीही पिन द्यावा लागत नाही, हे वृद्धांना आवर्जून सांगावे. फसवणूक झाल्यास 1930 या क्रमांकावर तत्काळ तक्रार करावी; मालाविषयी वा दुकानदाराविषयी गाऱ्हाणे असल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक आहे.

नाताळ आटोपल्यावर तक्ता पुसून टाकू नये. शेवटचा रकाना भरून, उरलेला मैदा किती, न वापरलेल्या चांदण्या किती, हेही तेथे नोंदवावे. पुढील वर्षीच्या यादीचा आरंभ तेथूनच करता येतो.