नमुना सही

परवा सकाळी सकाळीच अक्काचा फोन. ‘अरे, सोसायटीच्या नावानं मेल आलाय. सोबत बिल जोडलंय. उघडू का?’

म्हटलं, ‘फाइलचं पूर्ण नाव वाच बघू.’ अक्का वाचू लागली : बिल, टिंब, पीडीएफ, टिंब, एचटीएमएल.

‘हात लावू नकोस. ते बिल नव्हे, वेबपान आहे. उघडलंस की बहुधा पासवर्ड मागेल.’

हा दुहेरी शेपटाचा डाव जुना आहे. ४ मे २००० रोजी ‘आय लव्ह यू’ या विषयाचं पत्र फिलिपिन्समधून निघून जगभर पसरलं. जोडलेली फाइल साध्या मजकुराची वाटे, कारण विंडोज तिचं खरं शेपूट झाकून ठेवी. उघडली, की आपल्या पत्त्यांच्या यादीतल्या सगळ्यांना ती आपल्याच नावानं रवाना! पत्र ओळखीच्याकडून आलं म्हणून निर्धास्त राहण्याची सोय तेव्हाच संपली.

बँकेत मी चेक पास करायला बसे, तेव्हा सही नमुना कार्डाशी ताडून पाहत असे. ते कार्ड आमच्या कपाटात असे. चेक आणणाऱ्यानंच ‘हा घ्या नमुना’ म्हणून चिठोरं पुढं केलं असतं, तर शिपायानं त्याला बाहेर काढलं असतं. मेलच्या बाबतीत मात्र शंका आली, की आपण त्या मेलमध्येच दिलेल्या नंबरावर फोन लावतो! अक्काला सांगितलं, जुन्या पावतीवरचा नंबर काढ आणि सेक्रेटरींना विचार.

डिजिटल सही म्हणजे सहीचा फोटो, असं अजून पुष्कळांना वाटतं. प्रत्यक्षात ती आकडेमोड असते, सही करणाऱ्याच्या गुप्त किल्लीनं केलेली. मागाहून मजकुरातला स्वल्पविराम हलला, तरी ताळा चुकतो. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यानं तिला आपल्याकडे मान्यता दिली. ई-आधारवर प्रश्नचिन्ह दिसतं, तेव्हा आपल्या संगणकानं ती सही अजून ताडलेली नसते, इतकंच. हिरवी खूण आली म्हणजे सही जुळली. सही करणारा सज्जन आहे की नाही, ते बँकेतलं कार्डही सांगत नसे.

सह्या केलेले कोरे चेक दुसऱ्याकडे ठेवणाऱ्या खातेदारांना मी किती झापलं असेन! आणि माझ्या डिजिटल सहीचं टोकन? एका छोट्या कंपनीचा संचालक झालो, तेव्हा घेतलेलं. दोन वर्षं करसल्लागाराच्या खणात होतं, पिनच्या चिठ्ठीसकट.

ते आणायला निघालो, तोच अक्काचा फोन. सेक्रेटरींनी बिल पाठवलंच नव्हतं.