हायड्रोस्टॅटिकचा ताप

मंडळी, हा अंक हातात पडेल तेव्हा आपल्या ओहायोत हिरवळीची शेवटची कापणी बहुधा उरकली असेल. लॉन ट्रॅक्टर शेडमध्ये लोटण्याआधी अर्धा तास काढा. इंजिनाची काळजी सगळेच घेतात. या खेपेला बोलायचं आहे ते मागच्या दोन चाकांच्या मधे दडलेल्या पेटीबद्दल, म्हणजे हायड्रोस्टॅटिक ट्रान्समिशनबद्दल.

पेटीत एक पंप आणि एक मोटर असते. इंजिनाचा पट्टा पंप फिरवतो, पंपातले दट्टे तेल दाबतात, तेल मोटर फिरवतं आणि मोटर चाकं. पेडल दाबलं की पंपातली तबकडी कलते. जास्त कलली की तेल जास्त, वेग जास्त. उलट कलली की रिव्हर्स. थोडक्यात, पंपाची ताकद मोटरपर्यंत नेतं ते फक्त तेल. तूप तापलं की पातळ होतं, तसंच हे तेल. पातळ तेल दट्ट्यांच्या फटींतून मागे गळतं, दाब पडतो, गळतीने आणखी उष्णता होते.

विद्यार्थ्यांना हा आलेख मी तीसेक वर्षं फळ्यावर काढून दाखवला. घरी मात्र माझा ट्रॅक्टर चाळीस मिनिटांनंतर चढावर रडू लागला, तेव्हा मी पट्ट्याला दोष दिला. सकाळी थंड असताना तो झकास चाले, म्हणून पुढचा सगळा मोसम तसाच काढला. मग एकदा उतारावर ओढ्याच्या दिशेने येताना पेडल सोडलं आणि ट्रॅक्टर थांबलाच नाही. पेडल सोडल्यावर गाडी धरून ठेवतं तेही तेलच, हे त्या क्षणी आठवलं. ब्रेक लागला म्हणून हे सदर चालू आहे.

उघडून पाहिलं तर पेटीवर वाळलेल्या गवताची गादी आणि पंख्याची दोन पाती तुटलेली. शिवाय पेट्रोल वाचवायला मी इंजिन अर्ध्या थ्रॉटलवर चालवत असे. तिकडे उतारावर स्कूटर बंद करून सोडायची सवय होती ना आपल्याला, तीच ही. इथे पंखा इंजिनाच्या पट्ट्यावरच फिरतो. इंजिन मंद तर पंखाही मंद. गवत कापताना थ्रॉटल पूर्ण ठेवा, वेग पेडलने कमी करा. माझी पेटी शेवटी बदलावीच लागली. किंमत ऐकून नवा ट्रॅक्टरच घ्यावा का, असा दोन दिवस विचार केला.

तेव्हा आता टॉर्च घ्या. ट्रॅक्टर सपाट जागी, पूर्ण थंड, किल्ली काढलेली, स्पार्क प्लगची वायर सुटी. पेटीवरचं गवत ब्रशने किंवा हवेच्या झोताने काढा. तापलेल्या पेटीवर पाण्याची नळी नको. पंख्याची पाती मोजा, पट्टा ढिला किंवा चिरलेला आहे का ते बघा.

तेलाचं जरा किचकट आहे. पेटीवर लेबल असतं. ट्रॅक्टर कोणत्याही रंगाचा असो, तिथे बहुधा टफ टॉर्क किंवा हायड्रो-गिअर हे नाव सापडेल. मॉडेल नंबरवरून पुस्तिका शोधा आणि त्यात सांगितलेलंच तेल घाला. कुठे १०डब्ल्यू-३० चालतं, कुठे २०डब्ल्यू-५०. काही पेट्यांना तेल काढायचा बूचच नसतो. त्या उतरवून उलट्या कराव्या लागतात, ते काम जाणकाराला द्या. तेल दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलं आहे.

तेल बदलल्यावर आतली हवा काढणं फार जण विसरतात. मागची चाकं उचलून पक्क्या टेकूवर ठेवा. मागे बायपासचा दांडा असतो, तो उघडा. इंजिन चालू करून पेडल सावकाश पाच-सहा वेळा पुढे-मागे करा. मग दांडा बंद करून तेच पुन्हा, आणि शेवटी तेलाची पातळी बघा. ट्रॅक्टर हाताने लोटायचा असला तरी हाच दांडा उघडायचा. दोरी लावून मात्र ओढू नका.

घरातली मुलं ट्रॅक्टर चालवत असतील तर त्यांना एक विचारा: शेवटी शेवटी चढावर तो दमतो का? हो म्हणाली, तर पुढच्या एप्रिलची वाट न पाहता आताच झाकण उघडा. आणि हो, पेटीवर उंदराचं घरटं सापडलं तर दचकू नका, माझ्याकडे दोन होती.