फाईल त्याच्या हातात, हंडा तिच्या डोक्यावर

इगतपुरी तालुक्यातल्या एका पाड्यावरची ही बाई. वय अठ्ठावीस. लहानपणी घसा दुखून, सांधे सुजून ताप यायचा. ताप गेला, पण जाताना हृदयाची झडप खराब करून गेला. दुसऱ्या बाळंतपणानंतर चार पावलं चाललं तरी धाप लागायची. शेवटी मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात सरकारी योजनेतून तिची झडप बदलली. शस्त्रक्रिया चांगली झाली, टाके सुकले, ती घरी आली. आणि चौथ्या महिन्यात एका सकाळी बोलता बोलता तिची जीभ अडखळली, उजवा हात लुळा पडला.

मी भेटायला गेले तेव्हा उशाशी प्लॅस्टिकच्या पिशवीत फाईल होती. सगळं इंग्रजीत. शेवटच्या पानावर ‘नातेवाइकांना समजावून सांगितले’ असा शिक्का आणि खाली नवऱ्याची सही. मी विचारलं, गोळी चुकली होती का? ती डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, “ताई, त्या गोळीनं रगत पातळ होतं म्हणं. पाळीत आधीच एवढं जातंय, मग अजून कशाला पातळ करायचं? ते चार-पाच दिवस मी बंद ठेवायची.”

किती सरळ, शहाणा विचार! आणि किती जीवघेणा. धातूची कृत्रिम झडप बसवली की तिच्यावर रक्ताची गाठ धरू शकते. ती गाठ सुटून मेंदूत गेली की अर्धांग होतं. म्हणून वॉरफरिन किंवा असिट्रोमसारखी गोळी जन्मभर, रोज, एकाच वेळी घ्यायची असते. तिने पाळीत रक्तस्राव वाढू शकतो हे खरं आहे. पण त्यावर उपाय गोळी मनाने बंद करणं हा नाही, तर डॉक्टरांना सांगणं हा आहे. एवढी दोन वाक्यं तिला कोणी सांगितली नाहीत. ‘गोळी चुकवू नका’ हे नवऱ्याला सांगितलं होतं. पाळीचं काय, हे त्याने विचारलं नाही. त्याच्या ते मनातही आलं नसेल.

हा प्रश्न या एका घराचा नाही. नाशिक जिल्ह्यात २०१३ मध्ये राजीव गांधी जीवनदायी योजना आली, २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. आता तर घोटीजवळ धामणगावला एसएमबीटीच्या रुग्णालयात, आपल्याच तालुक्यात, हृदयाच्या शस्त्रक्रिया होतात. ज्यांनी कसारा घाटापलीकडे पाऊल टाकलं नव्हतं त्या बायकांपर्यंत हा उपचार पोहोचला, याचा आनंदच आहे. पण उपचार म्हणजे केवळ शस्त्रक्रिया नव्हे. त्यानंतर घरी जे चालतं तीही शुश्रूषाच. आणि ती शिकवावी लागते.

काय शिकवायचं? या गोळीचा परिणाम आयएनआर नावाच्या रक्ततपासणीने मोजतात, सुरुवातीला वरचेवर, मग साधारण महिन्याला. आकडा खाली गेला तर गाठ होते, फार वर गेला तर आतल्या आत रक्तस्राव. हिरड्यांतून रक्त, काळी शौच, अंगावर निळे डाग दिसले तर ताबडतोब दवाखाना गाठायचा. डोकं किंवा कंबर दुखली म्हणून दुकानातली वेदनाशामक गोळी घ्यायची नाही. दात काढण्याआधी, कमरेत सुई टोचून घेण्याआधी, ‘मला झडप आहे’ हे सांगायचं.

पालेभाजीचंच बघा. ‘पालेभाज्या बंद’ असं सर्रास सांगून टाकतात. आमच्याकडे पावसाळ्यात टाकळा, कुरडू अशा रानभाज्यांवरच कित्येक चुली चालतात. त्या बंद केल्या तर बाईने खायचं काय? खरी गोष्ट अशी, की हिरव्या पाल्यातलं क जीवनसत्त्व नव्हे, ‘के’ जीवनसत्त्व या गोळीचा जोर कमी करतं. म्हणून पाला एकदम वाढवायचा नाही, एकदम सोडायचाही नाही. रानभाज्यांचा हंगाम आला की तपासणी करून गोळीचं प्रमाण बघून घ्यायचं. हे सांगायला इगतपुरीची चूल माहीत असावी लागते.

आणि बाळंतपण? यातल्या बऱ्याच बाया पंचविशी-तिशीतल्या. गोळी गर्भाला अपाय करू शकते, आणि गोळी मनाने सोडली तर आईच्याच जिवावर बेततं. म्हणजे दिवस जाण्याआधीच डॉक्टरांशी बोलायला हवं. हे बोलणं तिच्याशी व्हायला हवं, तिला बाहेर बसवून नवऱ्याशी आणि सासूशी नव्हे.

आता ओझ्याची गोष्ट. छातीचं हाड कापून तारेने शिवलेलं असतं. ते नीट जुळायला तीन महिने लागतात. तोवर जड उचलायचं नाही. भरलेला हंडा बारा-पंधरा किलोंचा! पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणारा हा तालुका उन्हाळ्यात पाण्यासाठी वणवण करतो, आणि ती वणवण बायकांची. याच तालुक्यात बायपास झालेल्या पुरुषांच्या घरीही मी जाते. तिथे तीन महिने त्यांना कोणी तांब्यासुद्धा उचलू देत नाही. बायको पायाची जखम पुसते, पथ्याचं रांधते, रात्री उठून गोळी देते, सकाळी मजुरीला जाते. तो आजारी पडला की ती परिचारिका होते. ती आजारी पडली की मात्र घरात परिचारिका उरतच नाही. आमची ही बाई तिसऱ्या आठवड्यात विहिरीवर गेली होती.

मग दोष सिस्टरचा का? मला तसं वाटत नाही. अतिदक्षता विभागात प्रत्येक पाळीत एका रुग्णामागे एक परिचारिका असावी असा निकष आहे. साध्या वॉर्डात एकीला किती खाटा सांभाळाव्या लागतात, हे ज्याने रात्रपाळी पाहिली आहे त्याला विचारा. सुई, सलाईन, नोंदी यांतून ती शिकवणार कधी? शिक्का मारून मोकळी होते. शुश्रूषा म्हणजे बाईच्या अंगचा मायाळूपणा, असं समाज मानतो, म्हणून तिच्या कामाला ना पुरेशी माणसं, ना वेळ. केईएममधल्या अरुणा शानबाग यांना १९७३ ते २०१५, बेचाळीस वर्षं तिथल्या परिचारिकांनी सांभाळलं. इतकी वर्षं खाटेला खिळलेल्या बाईची कातडी जपणं हे नुसत्या मायेने होत नाही. ते कौशल्य आहे, रोजचं, मोजूनमापून केलेलं.

हे कौशल्य घरच्यांना देता येतं. कर्नाटकात नारायण हृदयालयाच्या रुग्णालयांतून नातेवाइकांना वॉर्डातच शिकवायचा उपक्रम सुरू झाला, त्यातून नूरा हेल्थ ही संस्था उभी राहिली आणि काम अन्य राज्यांतही पसरलं. दाखवायचं, करून घ्यायचं, परत विचारायचं, एवढीच पद्धत. आपल्याला जमू नये असं त्यात काही नाही.

मात्र एक धोका आहे. ‘घरच्या बाईला शिकवा’ म्हणता म्हणता आपण तिच्या पाठीवर आणखी एक बिनपगारी नोकरी टाकू. म्हणून शिकवायचं ते रुग्ण बाईला स्वतःला, आणि घरातल्या पुरुषाला. ज्याच्या हातात फाईल, त्याच्या डोक्यावर हंडाही जाऊ दे!

तेव्हा आपल्या मागण्या साध्या आहेत. घरी पाठवण्याआधी दोन दिवस रोज अर्धा तास शिकवणं, आणि ते सिस्टरच्या कामात धरून तेवढ्या जागा भरणं. सूचना मराठीत, चित्रांसह. शिक्क्याऐवजी रुग्णाने स्वतःच्या शब्दांत परत सांगणं. आयएनआर तपासणी ग्रामीण रुग्णालयात, कारण नाशिकला जायचं तर प्रवासखर्च आणि एका दिवसाची मजुरी जाते. आणि गावच्या आशाताईच्या हाती त्या कागदाची एक प्रत.

परवा पुन्हा त्या पाड्यावर गेले. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोजच्या गोळीची खूण होती, पाळीच्या दिवसांतही. खुणा वाकड्यातिकड्या होत्या, डाव्या हाताने केलेल्या. सगळं समजावून सांगायला मला फार तर अर्धा तास लागला होता. तोच अर्धा तास तिला चार महिने आधी, वॉर्डात, मिळायला हवा होता.